प्रगतीपथावर

आमच्या गल्लीत त्यांना सगळे भाऊच म्हणतात. नोकरी सरकारी कचेरीत, हुद्दा वरिष्ठ लिपिकाचा आणि व्यसनं दोन: खर्रा आणि संकल्प. पैकी पहिलं सोडणं हा दुसऱ्याचा कायमचा विषय.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ मुद्दाम बिघडतात. एरवी सातला उठणारा माणूस नऊपर्यंत रजईत. रोजचे चार खर्रे सातावर जातात. संध्याकाळी पाटणी चौकात एकाऐवजी तीन कचोऱ्या. मला वाटायचं, सुधारण्याआधीची शेवटची हौस असेल. तसं नव्हतं. त्यामागे शासनाचं धोरण होतं.

२०१८ साली केंद्र सरकारने देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडले आणि त्यांना ‘आकांक्षित’ असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातून चार: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (म्हणजे आताचं धाराशिव) आणि आमचं वाशिम. बाकीच्यांनी ती बातमी जरा ओशाळून वाचली. भाऊंना त्यात जगण्याची रीत सापडली. आरोग्य, शिक्षण, शेती वगैरे मिळून ४९ निर्देशांक, आणि मुख्य म्हणजे क्रमवारी तुम्ही कुठे आहात यावर नाही, किती पुढे सरकलात यावर. त्याला डेल्टा रँकिंग म्हणतात.

“आता तुमीच सांगा गुरुजी,” भाऊ मला म्हणाले, “जो माणूस पयलेच पायटी पाचाले उठते, त्याले सुधाराले जागा कुठी हाय?”

म्हणून आधी पायाभूत आकडा खाली पाडायचा. सातांवरून १ जानेवारीला सहा खर्रे झाले की थेट चौदा टक्के सुधारणा. नऊऐवजी साडेआठला डोळा उघडला की अर्ध्या तासाची झेप. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भाऊ पद्मतीर्थाकडे फिरायलाही जातात. निदान त्या दिशेच्या चहाच्या टपरीपर्यंत मी त्यांना स्वतः पाहिलं आहे.

सोयाबीनच्या अडत्याने भेट दिलेल्या डायरीत हे सगळं नोंदवलेलं असतं. पट्टीने मारलेल्या उभ्या रेघा: अनुक्रमांक, उद्दिष्ट, मुदत, साध्य, शेरा. एका ३१ डिसेंबरला रात्री दहा वाजता भाऊ माझ्या दारात उभे. उद्दिष्टं एक्केचाळीसच झाली होती, आठ कमी पडत होती. “माह्यात दोष आठच कमी कसे काय निंगाले, समजून नाई रायलं,” म्हणाले. मी शेजारधर्म म्हणून चार सुचवले. ते त्यांनी जरा जास्तच गंभीरपणे लिहून घेतले. सेहेचाळिसावं उद्दिष्ट वहिनींनी दिलं: मोरीतल्या नळाचा वायसर बदलणे. उरलेली भरताना ‘वजन कमी करणे’ तीनदा आलं, पण वजनही तसंच होतं.

या संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलो तेव्हा नऊ वाजले होते आणि भाऊ रजईतूनच स्वागताला उठले. उशाशी खर्ऱ्याची पन्नी.

“काय भाऊ, डेल्टा?”

“स्थिर हाय.”

मी डायरी उघडली. एकोणपन्नासच्या एकोणपन्नास ओळींपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, सुरेख वळणदार अक्षरात एकच शब्द होता: प्रगतीपथावर. कचेरीत या शब्दावर माणसं निवृत्त झालेली आहेत, भाऊ तर अजून नोकरीत आहेत. मी हसलो असेन, कारण भाऊ एकदम ताठ बसले.

“गुरुजी, इंग्रजाच्या राज्यात वाशिम जिल्हाच होता. १९०५ साली मोडला अन् अकोल्यात टाकला. परत जिल्हा झाला कवा? १ जुलै १९९८ ले. त्र्याण्णव वर्सं लागली. अन् तुमी मले चवदा दिवसांत नापास करता?”

मी गणिताचा मास्तर. मनात वजाबाकी करून पाहिली. बरोबर होती.

“अन् नवीन वर्स काय एकच असते? गुढीपाडवा हाय. १ एप्रिलचं आर्थिक वर्स हाय. मृगाले खरीप हाय. जिल्ह्याचा वाढदिवस हाय, दिवाळीचा पाडवा हाय. जानेवारी गेला त गेला, बाप्पा!”

वहिनी तिळगुळाची वाटी घेऊन आल्या. माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे त्यांना वर्षाचा हिशेब पाडव्यापासूनच कळतो. आमच्याकडे सालगडी त्याच दिवशी धरतात आणि जुन्याचं पटलं नाही तर त्याच दिवशी मोकळा करतात.

“पाडव्याचं त सांगूच नका,” त्या मला म्हणाल्या. “पाडव्याले सालगडी बदलता तरी येते.”

भाऊंनी तिळगूळ तोंडात टाकला. मोरीतून थेंब पडल्याचा आवाज आला, मग दुसरा. भाऊंनी तिकडे न बघता माझ्या हातातली डायरी ओढून घेतली आणि खिशातलं पेन काढलं.

“गुरुजी, तुमच्याइकडं कॅलेंडर असंल. पाडवा कितव्या तारखेले हाय?”