कोथिंबीर फुकट, बाकी अटी लागू

प्रति,
मा. जाहिरात विभागप्रमुख,
मेडिकेअर ॲडव्हान्टेज विकणारी (तूर्त निनावी) विमा कंपनी, अमेरिका

महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की आमच्या एडिसनमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. एक दिवाळीच्या कार्यक्रमाची वर्गणी आणि दुसरा तुमचा फोन. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या नावनोंदणीच्या मोसमात आम्हा पासष्टी ओलांडलेल्यांची तुम्ही जेवढी विचारपूस करता, तेवढी पोटची पोरंही करत नाहीत. टीव्हीवरच्या तुमच्या जाहिरातीतल्या आजीबाई तुमच्या किराणा-कार्डावर ब्रोकोली घेतात आणि अशा हसतात की कवळीचाही हेवा वाटावा. (मूळ मेडिकेअरमध्ये कवळीचा खर्च बसत नाही. तो तुमचा दुसरा गळ.)

मूळ मेडिकेअर, म्हणजे आम्हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, १९६५ सालचं. ते डॉक्टर आणि इस्पितळाचं बघतं, वांगी-बटाट्यांचं नाही. ती दूरदृष्टी त्याऐवजी मेडिकेअर ॲडव्हान्टेज विकणाऱ्या तुम्हा खासगी मंडळींची. २०१८ च्या कायद्यानं मुभा दिली आणि २०२० पासून जुनाट आजाराच्या सभासदांना तुम्ही किराणाही देऊ लागलात. सरकार आमच्या डोईमागे दरमहा तुम्हाला पैसे मोजतं, त्यातलेच थोडे भाजी होऊन आमच्या पिशवीत येतात. दातृत्वाचं श्रेय अर्थातच तुमचं.

पात्रतेचे निकष तर मी फ्रिजवर चिकटवून ठेवलेत. आजार जुनाट आणि गुंतागुंतीचा हवा. तो जिवावर बेतणारा किंवा तब्येत पार खालावणारा हवा. इस्पितळात भरती व्हायचा धोका मोठा हवा आणि शिवाय बारीक देखरेखीची गरज हवी. आमच्या हिनं मेथीदाणे, ज्वारीची भाकरी आणि संध्याकाळची फेरी यांवर वर्षानुवर्षं साखर ताब्यात ठेवली. केवढं नुकसान करून घेतलं, ते आता कळतंय! पथ्यानं आजार आटोक्यात राहतो हे तुम्हाला मनापासून पटलेलं आहे. म्हणूनच पथ्याचे पैसे तुम्ही आजार हाताबाहेर गेल्यावर देता.

उत्पन्न कमी आहे एवढ्यावर किराणा मिळायची एक वाट होती, एका सरकारी प्रयोगातली. पण २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी दोन-दोन अब्ज डॉलरांहून जास्त जादा खर्च झाला, असं सांगून सरकारनं तो प्रयोग २०२५ अखेर गुंडाळला. आता नुसती गरिबी पुरत नाही, जोडीला दुखणंही लागतं.

कार्ड मला मिळेल का, असं मी तुमच्या प्रतिनिधी बाईंना विचारलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "सर, आधी प्लॅन घ्या. तुम्ही बसता की नाही, ते मग कळेल."

आमच्या इमारतीतले एक काका मात्र बसले. कार्ड हाती पडताच ते थेट इंडियन ग्रोसरीत गेले. गवार, कारली आणि नाचणीचं पीठ काउंटरवर ठेवलं. तिथल्या पोरानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, ये यहाँ नहीं चलेगा." जिथे चालतं त्या दुकानात कारली नाहीत. शिवाय त्यांच्या प्लॅनमध्ये उरलेली रक्कम महिना संपला की गुडूप होते. मग शेवटच्या तारखेला काका यादीत बसतील ते खारट डबाबंद घेवडे उचलून आणतात, आपल्या रक्तदाबासाठी!

तिकडे भारतात आमची भाजीवाली दोन किलो भाजीवर मूठभर कोथिंबीर टाकते, पण गिऱ्हाईक आधी भाजी निरखून घेतं. तुम्ही कोथिंबीर नाकासमोर धरता आणि अख्खी पाटी गळ्यात मारता. पाटीत काय आहे? डॉक्टर बहुधा तुमच्या नेटवर्कमधलेच. कित्येक उपचारांना आधी तुमची मंजुरी. आणि पहिल्या वर्षातली परतीची मुभा संपल्यावर मूळ मेडिकेअरकडे परतावं म्हटलं, तर त्याला पूरक असा मेडिगॅप विमा बहुतेक राज्यांत तब्येत पाहून नाकारता येतो. म्हणजे तरुण सत्तरीत भाजीसाठी घेतलेला निर्णय ऐंशीत बायपासच्या वेळी आठवणार.

तेव्हा एक नम्र सूचना. पुढच्या जाहिरातीत आजीबाईंच्या हातात ब्रोकोलीऐवजी नेटवर्कमधल्या हृदयरोगतज्ज्ञांची यादी द्यावी आणि मंजुरी नाकारली तर दाद कुठे मागायची, ते त्यांनी हसतमुखानं सांगावं. किराण्याचा उल्लेख तळाशी, फुलीच्या खुणेनं, आत्ता अटी छापता त्याच बारीक टाइपात चालेल. आम्ही भिंग लावून वाचू, सवय आहे.

कळावे. लोभ आहेच, तो ७ डिसेंबरपर्यंत टिकेल.

आपला,
एक (दुर्दैवानं धडधाकट) ज्येष्ठ नागरिक
एडिसन, न्यू जर्सी