कुलगुरूंचा फोटो केवढा?

“अगं, तुमच्या विद्यापीठाची वेबसाइट बदलणार म्हणे! कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला सांगत होता.”

“त्याला कसं कळलं, काकू? समितीत मी आहे आणि मलाच अजून धड काही कळलेलं नाही.”

“सगळी पोरं फॉर्म काढायला त्याच्याकडेच येतात ना! बरं, सांग तरी. झालं काय बैठकीत?”

“होमपेजवर कुलगुरूंचा फोटो डावीकडे की उजवीकडे, आणि केवढा, यात अख्खी दुपार गेली. सीएमएस कुठलं घ्यायचं हा विषय चहाचे कप उचलताना निघाला.”

“ते काय असतं गं सीएमएस?”

“वेबसाइटवर मजकूर चढवायचं, बदलायचं सॉफ्टवेअर. ते असलं की विभागातलाच माणूस लॉगिन करून सूचना टाकतो, साहेब मंजुरी देतात, की लागली सूचना. कोडबिड लिहावं लागत नाही.”

“म्हणजे आत्ता तुमच्याकडे ते नाही?”

“आहे की! तीच तर गंमत. लॉगिन सगळं एजन्सीकडे. आम्ही मेल करायचा, ते सवडीनं चढवणार. शनिवारी पेपर पुढे ढकलला की सूचना लागते सोमवारी. तोवर पोरं सेंटरवर जाऊन परत आलेली असतात.”

“जळ्ळं मेलं ते! मग नवं घेताय ते महाग असेल?”

“मोठी नावं तर फुकट आहेत. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला, सगळी ओपन सोर्स. आमचे लेखाधिकारी एवढे खूश झाले, की बैठक तिथंच संपवत होते.”

“फुकट म्हटलं की मला धास्तीच वाटते बाई. दानात मिळालेली गाय, पण चारापाणी आपल्यालाच बघायचं.”

“अगदी हेच मी तिथं बोलायला हवं होतं! सर्व्हर, बॅकअप, दर थोड्या दिवसांनी येणारे अपडेट, हे कोण बघणार? ड्रुपलचंच घ्या. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बाइटार्ट नावाच्या पोरानं ते हॉस्टेलच्या मित्रांसाठी केलं आणि २००१मध्ये जगाला मोकळं करून दिलं.”

“बघ, हॉस्टेलची पोरं काय काय करतात. आमच्या गच्चीवरच्या खोलीतली दोघं नुसती मॅगी करतात.”

“तर त्या ड्रुपलमधलं एक मोठं भगदाड ऑक्टोबर २०१४मध्ये उघड झालं. दुरुस्ती त्याच दिवशी दिली होती. पण नंतर त्यांनीच जाहीर केलं, की सात तासांच्या आत जिनं ती बसवली नाही, ती साइट हॅक झाली असंच धरून चाला.”

“सात तास! तुमच्याकडे सात तासांत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तरी जाते का?”

“हळू बोला काकू, पलीकडे उपकुलसचिव राहतात. आमची आत्ताची साइट ड्रुपल सातवर आहे. ते २०११च्या ५ जानेवारीला आलं आणि २०२५च्या ५ जानेवारीला त्याची देखभाल अधिकृतपणे थांबली. आणि सातवरून आठवर जाणं म्हणजे बटण दाबलं, झालं, असं नव्हतं. आठ आतून पुरतं बदललेलं होतं, सगळा मजकूर उचलून नव्यानं लावायचा. म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी टाळलं, आणि आता गळ्याशी आलंय.”

“मग ते दुसरं घ्या, वर्डप्रेस.”

“त्यावरच दोन तट पडलेत. जगातल्या दर दहा साइटींपैकी चारएक त्यावर चालतात, म्हणजे काम करणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात. पण जो तो हवं ते प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवतो, आणि चोर शिरतो तो बहुधा अशा जुन्या, विसरलेल्या प्लगइनमधूनच. ड्रुपलमध्ये कोणी लिहायचं, कोणी तपासायचं याची उतरंड बारकाईनं लावता येते, पण जाणकार कमी आणि महाग. अमेरिकेच्या व्हाइट हाउसनं २००९मध्ये ओबामांच्या वेळी ड्रुपल घेतलं आणि २०१७मध्ये ट्रम्पच्या काळात वर्डप्रेस.”

“म्हणजे साहेब बदलला की साइट बदलते, हे तिकडेही आहेच म्हण की!”

“आहे ना! म्हणून पुढच्या बैठकीत म्हटलं, एजन्सीची सादरीकरणं पुरे झाली. त्यांचा पोरगा टाय लावून आपल्याच लॅपटॉपवर दाखवतो, तेव्हा सगळंच छान दिसतं. परीक्षा विभागातल्या लिपिक बाईंना बोलावलं, दोन्हींवर बसवलं आणि सांगितलं, एटीकेटीच्या फॉर्मची सूचना लावून दाखवा.”

“मग? लावली?”

“वर्डमधून मराठी मजकूर कॉपी करून चिकटवला, तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्क्याची चिन्हं! फाइल डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधली, कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल असं युनिकोड नाही. हे दोन्हीकडे तस्संच झालं.”

“मग आत्तापर्यंत कशा लावत होत्या गं?”

“प्रिंट काढायची, सही-शिक्का घ्यायचा, स्कॅन करायचं आणि पीडीएफ चढवायला पाठवायची. म्हणजे मजकुराचा फोटोच. गूगलवर शोधून सहसा सापडत नाही, मोबाइलवर वाचवत नाही, आणि अंध विद्यार्थ्यांचं स्क्रीन रीडर त्यावर मुकं होतं. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे, सरकारी साइटींची मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत. हे कुठलं सॉफ्टवेअर आपोआप पाळणार?”

“म्हणजे रोग एकीकडे आणि तुम्ही औषधाच्या बाटलीचा रंग ठरवताय.”

“मग मी समितीला म्हटलं, ड्रुपल की वर्डप्रेस हे नंतर बघू. ज्याचे अपडेट आपली दोन माणसं वेळेवर लावू शकतील, ते घेऊ. आधी तीन गोष्टी लेखी द्या. टायपिंग युनिकोडमध्येच. प्रत्येक सूचनेला ती कधी उतरवायची याची तारीख. आणि प्रत्येक विभागातला एक माणूस नावानिशी जबाबदार.”

“उतरवायची तारीख कशाला?”

“अहो, २०१७च्या पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख अजून लाल अक्षरात लुकलुकतेय! दर सत्रात कोणी ना कोणी पोरगं ते वाचून रडत फोन करतं.”

“शाब्बास! आणि ऐकलं समितीनं?”

“एकमतानं. लगेच परिपत्रक निघालं, विभागप्रमुखांनी नावं कळवावीत म्हणून. बहुतेकांचं उत्तर एका छापाचं, ‘सदर विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.’”

“आणि परीक्षा विभाग? सगळी बोंब तर त्यांच्याच नावानं असते.”

“त्यांनी मात्र लगेच नाव दिलं.”

“बघ, आहेत की शहाणी माणसं! कोणाचं दिलं?”

“येत्या तीस तारखेला जे रिटायर होतायत ना, त्यांचं.”