परव्रीडामीमांसा : नांदेड-लातूर मार्गाच्या विशेष संदर्भात

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव गणले आणि त्यांत व्रीडेस स्थान दिले. परंतु तिचा उगम ज्याच्या त्याच्या अकार्यात मानला. अकार्य काकांचे आणि व्रीडा पुतण्याची, या अवस्थेचा विचार तेथे नाही. जर्मनांनी निदान 'फ्रेम्डशेमन' हे क्रियापद सिद्ध केले. ऑस्ट्रियात २०१० साली तो वर्षाचा शब्द ठरला. शास्त्र मात्र कोणी रचले नाही. ते येथे आरंभितो.

व्याख्या : अन्याच्या वर्तनाने, तो अन्य निर्विकार असताना, आपल्या कानशिलांस जी उष्णता प्राप्त होते ती परव्रीडा. 'निर्विकार' हे पद अनिवार्य आहे. कर्ताच लाजला, तर परव्रीडा लोपते. उरते ती दया.

प्रकार तीन.

१. पंक्तिजन्य : लग्नाच्या पंगतीत मामा वाढप्यास थांबवतात व बुंदीसाठी खिशातून कॅरीबॅग काढतात.

२. ध्वनिजन्य : मोबाइलच्या स्पीकरवर बांधाचे भांडण. अधिक विवेचनाची गरज नाही.

३. तिकिटजन्य : हा सर्वांत समृद्ध. एसटीत पासष्टी ओलांडलेल्यांस अर्धे तिकीट. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. काका ७१ वर्षांचे. लोहा येण्यापूर्वीच ते वय ७६ सांगतात. कंडक्टर आधारकार्ड मागतो. "आधार कशाला मागायलाव? केसं बघा की!" इथवर व्रीडा मंद असते. पुढील वाक्याने ती पूर्णत्वास जाते : "न्हाईतर ह्या पोराला इचारा. सख्खा पुतण्या हाय माझा." पुतण्या त्या वेळी खिडकीबाहेरच्या लिंबांची गणना करीत असतो. यास साक्षिस्थापना म्हणावे.

येथेच संप्रदायभेद उद्भवतो. नांदेडचे उद्घोषवादी म्हणतात, नाते मोठ्याने उच्चारले जाईपर्यंत परव्रीडा नाही. लातूरकरांस उच्चार अनावश्यक वाटतो, "कुठले तुम्ही?" या प्रश्नानंतर चाकूरपर्यंत सारी बस एकमेकांची पाहुणी निघतेच, असा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र बारावीच्या पॅटर्नप्रमाणे सरावाने परव्रीडा जिंकता येते, हे त्यांचे दुसरे मत प्रस्तुत लेखकास अमान्य. एकाच काकांसमवेत वीस लग्नांचा सराव पूर्ण केला होता. एकविसाव्यात काकांनी बँडवाल्याकडून माइक घेतला.

अभ्यासकांनी आपापली उदाहरणे नात्याच्या स्पष्ट निर्देशासह नोंदवावीत. 'ते आमच्यासोबत नव्हते' हा शेरा ग्राह्य धरला जाणार नाही.