नियम लेखी द्या, सेक्रेटरी साहेब

सेक्रेटरी साहेब,

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची रीत आहे. प्रेम वाटत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात फाइल घेऊन आलेली बाई मी. मध्य रेल्वेवरच्या तुमच्या उपनगरात दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके मी पाहिला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत आंब्याचं झाड, स्टेशन चालत दहा मिनिटं. मालक नाशिकला असतात. त्यांच्याशी फोनवर सगळं ठरलं होतं: भाडं ३२ हजार, डिपॉझिट एक लाख. एजंटाचं एका महिन्याचं भाडं मी वेगळं काढून ठेवलं होतं. चार महिने घरं पाहून पाय दुखले होते, आता सामान बांधायचं एवढंच राहिलं होतं. एजंट म्हणाला, “ताई, एकदा सेक्रेटरींना भेटून घ्या, की झालं.”

समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तुम्ही बसा म्हणाला नाहीत. आधी आडनाव विचारलंत. ते सांगितल्यावर विचारलंत, “म्हणजे कोण?” मग गाव. रत्नागिरीकडचं म्हटल्यावर म्हणालात, “म्हणजे मासे करणार घरात.” मग लग्न. मग नोकरी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आठवड्यातून दोन रात्रपाळ्या असतात, असं सांगताच तुम्ही रजिस्टर मिटलंत. “आम्ही फॅमिलीलाच देतो. सोसायटीचा नियम आहे.”

माझ्या फाइलीत पगाराच्या स्लिपा होत्या, आधार होतं, आधीच्या घरमालकांचं पत्र होतं. तुम्ही ती उघडलीही नाहीत.

हे पत्र त्या एका शब्दासाठी आहे. नियम. घरी येऊन मी तो शोधला.

सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४ मध्ये आलेले आदर्श उपविधी मी वाचले. सभासदाला आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल, तर त्याने संस्थेला आधी कळवायचं आणि कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या. परवानगी मागायची नाही. भाडेकरू ठेवला म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असा सरकारचा आदेश २००१ पासून आहे. आडनाव विचारावं, स्वयंपाकघरात काय शिजणार ते विचारावं, बाई रात्री किती वाजता परतते ते विचारावं, असं मला कुठेही सापडलं नाही.

भाडेकरू घर बळकावतात, अशी भीती मला चार महिन्यांत बऱ्याच मालकांनी बोलून दाखवली. या शहरात तिला इतिहास आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, पागडीची घरं पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडली. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्यातून वाट काढून ठेवली आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकाचं घर कायद्याने राखलं आहे. माझं आडनाव विचारून त्याला आणखी कसली राखण मिळते?

तुम्ही २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे कराल, म्हणून तोही वाचला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला आपलं सभासदत्व पारशी लोकांपुरतं ठेवायची मुभा त्या निकालाने दिली. मला तो पटत नाही, पण तो आहे. मात्र त्या संस्थेचा तसा उपविधी होता, लिहिलेला आणि नोंदवलेला. आणि प्रश्न सभासदत्वाचा होता, भाडेकरूचा नव्हता. तुमच्याकडे तसा कागद आहे का?

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, रस्ता यांची नावं आहेत. तिथे जात, धर्म, लिंग बघून कुणाला अडवता येत नाही. भाड्याच्या घराचं नाव त्या यादीत नाही. त्या मोकळ्या जागेत तुम्ही खुर्ची टाकून बसला आहात.

ही खुर्ची फार जुनी आहे. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी सराईत राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढला. “म्हणजे कोण?” या प्रश्नाचं वय त्याहूनही मोठं आहे. माझं आडनाव मी या पत्रात लिहीत नाही, कारण ते लिहिलं की वाचणाराही मनात तोच हिशोब मांडायला लागेल.

आणि रात्रपाळीबद्दल. तुमच्या इमारतीत कुणाच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली, की त्याला हॉस्पिटलात नेतात आणि आधी रक्त काढतात. ती नळी माझ्यासारखीच्या हातात येते. तिच्यावर आडनाव असतं, ते आम्ही फक्त नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून वाचतो. ती बाई सकाळी थकून घरी येते, तेव्हा तिने वॉचमनसमोर मान खाली घालून जिना चढावा, असं तुम्हाला का वाटतं?

मला शेवटी घर मिळालं, दोन स्टेशनं पलीकडे. अकरा महिन्यांचा करार आहे. तो संपला की पुन्हा एखादं ऑफिस, पुन्हा तेच प्रश्न. एजंट सांगत होता, तुमच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अजून बंदच आहे. मालकाचं भाडं बुडतंय, आणि या शहरात रोज कुणीतरी फाइल घेऊन जिने चढतंय.

माझी मागणी एकच आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमचा तो नियम ठराव म्हणून मांडा. कुठली आडनावं चालणार नाहीत, कुठला स्वयंपाक चालणार नाही, एकट्या बाईने किती वाजेपर्यंत घरी यायचं, सगळं शब्दांत लिहा. सूचक आणि अनुमोदक यांची नावं घाला, खाली तुमची सही करा आणि लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावा. पाण्याच्या वेळा लावता, तसा.

ते लिहायला हात धजत नसेल, तर ते बोलूही नका. आणि पुढच्या रविवारी जी कुणी येईल, तिला आधी बसायला सांगा.

आपली,
एक भाडेकरू