आंबा राखावा कसा (आणि कोणासाठी)

फळबागेच्या राखणीवर कोकणात प्रत्येक बागायतदार अधिकारवाणीनं बोलतो, आणि ज्याची बाग माकडांनी सर्वांत जास्त खाल्ली तो सर्वांत जास्त बोलतो. त्या हिशेबानं माझा अधिकार निर्विवाद आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला सड्यावर आमची 120 हापूस कलमं आहेत. पुढचं मार्गदर्शन नवोदितांसाठी आहे. जाणत्यांनी वाचू नये, उगाच जुन्या जखमा उघडतील.

आधी पाहुण्यांची ओळख करून घ्यावी. आमच्याकडे दोन घराणी येतात. एक लाल तोंडाचं माकड, दुसरा काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर, म्हणजे वांदर. माकडाच्या गालांना आतून पिशव्या असतात. ते घाईघाईनं गाल भरतं, पळतं आणि लांब जाऊन निवांत चावत बसतं. त्यामुळे तुम्ही त्याला हाकललंत तेव्हा त्याचं काम झालेलं असतं. तुमचा ओरडा ही त्याच्यासाठी फक्त सुटीची घंटा. वानराला पिशव्या नाहीत. त्याचं पोट पाला पचवण्यासाठी बनलेलं, कप्प्याकप्प्यांचं आहे. पिकल्या आंब्याचं त्याला फारसं कौतुक नाही, कोवळी पालवी, मोहर आणि कच्ची कैरी त्याला जास्त मानवते. सोप्या भाषेत, माकड व्याज खातं आणि वानर मुद्दल.

इथे दिल्लीकरांचा एक सल्ला हमखास येतो. तिथल्या सरकारी इमारतींवरची लाल तोंडाची माकडं पळवायला एकेकाळी वानर पाळलेले लोक नेमत. पुढे वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली आणि 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी तर वानरांचे पुठ्ठ्याचे कटआउट उभे केले. उपाय उत्तम आहे. अडचण एवढीच की दिल्लीत जो पोलीस, तोच आमच्याकडे सहआरोपी. आमच्या वईवर, म्हणजे कुंपणावर, असा कटआउट लावला, तर वानर त्याला नातेवाईक समजून सहकुटुंब भेटायला येतील.

थोडा इतिहासही माहीत असावा. दापोलीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं 1972 साली, आणि वन्यजीव संरक्षण कायदाही 1972 चाच. एकानं आम्हाला कलमं वाढवायला शिकवलं, दुसऱ्यानं ती खाणाऱ्यांना अभय दिलं. पुढे 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि सड्यांवर जिथे करवंदीच्या जाळ्या होत्या तिथे हापूस नि काजू उभे राहिले. जंगलातली रानफळं गेली आणि त्यांच्या जागी आम्ही रांगेत, खत घालून, आळी करून जेवण वाढून ठेवलं. माकडांच्या बाजूनं पाहिलं तर ही योजना कमालीची यशस्वी आहे.

आता प्रत्यक्ष कृती. जुन्या शिफारशीप्रमाणे कलमं 10 बाय 10 मीटरवर लावावीत. वडिलांनी तशीच लावली. चाळीस-पन्नास वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात आणि वर एक उत्तम हमरस्ता तयार होतो. टोळी वईवरून आत शिरते आणि जमिनीला पाय न लावता दुसऱ्या टोकाला निघते. खाली तारेचं कुंपण घालून त्यात झटका मशीनचा करंट सोडला, तर तो फक्त मालकाला बसतो. मला दोनदा बसला. खरं काम करायचं तर पावसाळा संपता संपता छाटणी करून झाडांमधलं अंतर मोकळं करावं. पण फांदीवर कोयती चालवताना हात थरथरतो. मग आम्ही पुढच्या वर्षी करू म्हणतो.

कैरी कोंबडीच्या अंड्याएवढी झाली की तिला कागदी पिशवी घालावी. फळमाशी बसत नाही, डाग पडत नाहीत, रंग छान येतो. हे सगळं खरं आहे आणि मी पाचशे पिशव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी एक माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन वरच्या फांदीवर बसली होती. तिनं पिशवी दोन्ही हातांनी धरली, शिवण शोधली आणि लग्नातलं आहेराचं पाकीट उघडावं तशी उघडली. कैरी हुंगली, एक चावा घेतला, फेकली. दुसरं पाकीट. एक चावा, फेकली. संध्याकाळी त्या झाडाखाली मी 43 कैऱ्या मोजल्या, प्रत्येकीवर चार दात. पूर्ण खाल्लेली एकही नव्हती. खाल्ली असती तर इतकं लागलं नसतं. नाही म्हणायला काजूच्या बाबतीत माकडं बरी वागतात, बोंडू खातात आणि बी खाली टाकतात. ती वेचून घेता येते. मजुरी वाचते.

आवाजाच्या उपायांचं आयुष्य मी वहीत टिपून ठेवलं आहे. पत्र्याचा डबा: दोन दिवस. लवंगी माळ: चार. सुतळी बॉम्ब: एक आठवडा, पण त्यात शेजाऱ्याची म्हैस दुधाला आटते. रेडिओ: उलट परिणाम. हल्ली पीव्हीसी पाइप, गॅसचा लायटर आणि कार्बाइडचे खडे यांची बंदूक निघाली आहे. खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगी दिली की धडाम. याच कार्बाइडवर आंबा पिकवायला बंदी आहे. आडीतून हाकललेला हा गृहस्थ राखणदार होऊन बागेत परतला. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या नळ्यांनी कित्येक मुलांचे डोळे जायबंदी केले. मी माझी मोडून टाकली. या एका बाबतीत तरी माझं गंभीरपणे ऐका.

2019 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या एका शेतकऱ्यानं कुत्र्याला वाघासारखे पट्टे रंगवून माकडं पळवल्याची बातमी आली होती. ते कात्रण मुंबईच्या मेव्हण्यानं मला पाठवलं. (मेव्हणा बोरिवलीच्या चौथ्या मजल्यावर राहतो आणि माझ्या बागेची राखण फोनवरून करतो.) आम्ही आमच्या मोत्याला केसांच्या कलपानं रंगवलं. माकडांनी पहिल्या दिवशी अंतर ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांनी मिळून मोत्याला पिटाळलं, आणि ती मारामारी बघायला टोळी आंब्यावर दाटीवाटीनं बसली होती. बघता बघता खातही होती.

माणूस ठेवावा हे उत्तम. कोकणात बागांची राखण बरीचशी नेपाळी माणसं करतात. दिवाळीच्या सुमाराला येतात, पावसाआधी परततात. आमचा राखणदार गोफणीत तरबेज आहे. त्यानं टोळीतल्या मोठ्या नराचं नाव ‘साहेब’ ठेवलंय. साहेब सकाळी सातला येतात, राखणदार चहाला गेला की आत शिरतात आणि तो परत यायच्या आत निघतात. चहाची वेळ बदलून पाहिली. साहेबांनीही बदलली.

चैत्र पौर्णिमेला मात्र राखण बंद ठेवावी लागते. आंब्याचा ऐन हंगाम आणि त्यात हनुमान जयंती. पहाटे मारुतीपुढे नारळ फोडून प्रसाद खाल्लेल्या हातानं दुपारी गोफण कशी उचलणार? मी त्या दिवशी घरात बसतो. कोणीतरी त्यांनाही तारीख कळवत असावं. यंदा गाऱ्हाणं घालताना गुरवाला म्हटलं, माकडांचंही घाल. त्यानं घातलं: वैऱ्याची नजर, आजार, अवकाळी पाऊस, आणि ‘रानातल्या लेकरांचो त्रास’ दूर कर म्हणून. सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ केलं. लेकरं म्हटल्यावर देव काय करणार!

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण एखादं कलम अस्सल आहे का, हे ओळखण्याचा माझा मार्ग त्याहून जुना आहे. बागेच्या पश्चिमेला एका नर्सरीतून हापूस म्हणून आणलेलं एक कलम आहे. दिसायला देखणं, फळ भरपूर, रंगही तसाच. पंधरा वर्षांत त्याला माकडानं तोंड लावलेलं नाही. साहेब त्याच्यावरून जातात, थांबत नाहीत. त्या झाडाला पिशवी, फटाका, राखणदार, काही लागत नाही. दर मे महिन्यात त्याचीच पाच डझनाची पेटी मेव्हण्याला बोरिवलीला जाते. आजवर त्याची तक्रार नाही.