सोबत हिशोबपट्टी जोडली आहे

माननीय प्रवेश-सल्लागार साहेब,


ओळखलंत का? २०२१ चा पावसाळा होता, सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते, त्यामुळे चेहरा लक्षात नसेल. घणसोलीची मुलगी, सोबत बाबा. बाबांनी तुमच्या केबिनबाहेर चपला काढल्या, तेव्हा ‘काका, राहू द्या, राहू द्या’ असं किती आपुलकीनं म्हणालात! आणि त्याच आपुलकीनं माहितीपुस्तक पुढे सरकवलंत. पहिल्या पानावर संसद भवन, दुसऱ्यावर संयुक्त राष्ट्रसंघ. बी. ए. राज्यशास्त्र केलं की पुढे यूपीएससी, थिंक टँक, धोरण-सल्लागार. पगाराच्या रकान्यात आकडा नव्हता, नुसता वर जाणारा बाण होता. आम्ही दोघं त्या बाणाकडे बघत राहिलो आणि तेवढ्यात तुम्ही फॉर्म भरून घेतलात.

फी वर्षाला २ लाख ४० हजार, तीन वर्षांची ७ लाख २० हजार. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई-बापाची सहकर्जदार म्हणून सही पुरते. तुमच्या संस्थेचे पगार, ग्रंथालय, वीजबिल, लॉबीतलं कारंजं या सगळ्याची बेरीज त्या मर्यादेच्या बरोब्बर तीस हजार अलीकडे येऊन थांबली. एवढा नेमका योगायोग जुळवून आणायला अर्थशास्त्राचा विभाग लागतो. तुमच्याकडे तो नव्हता, तरीही जमलं.

बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. तिथली एक रीत तुम्हाला सांगते, गावंढळ वाटेल. माल विकायचा तर आधी तो काट्यावर चढतो. वजन करणारा तोलणार वेगळा, त्याला बाजार समितीचा परवाना लागतो. मग शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. वजन किती, भाव किती, हमाली, तोलाई, मोटारभाडं किती कापलं आणि हातात काय उरलं, सगळं त्या कागदाच्या चिटोऱ्यावर. तुमच्याकडे पट्टी देण्याची पद्धत नाही, म्हणून मीच करून पाठवते आहे.

मूळ कर्ज ७ लाख २० हजार. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. ‘टेन्शनच नाही!’ हे तुमचे शब्द. हप्ता नव्हता, व्याज होतं. साडेदहा टक्क्यांनी ते २ लाख २६ हजार ८०० झालं आणि मुद्दलाला जाऊन चिकटलं. आता दहा वर्षं दरमहा सुमारे १२ हजार ७७६ रुपये. एकूण भरणा १५ लाख ३३ हजार. नोकरी होती तोवर पगार १९ हजार, हाती उरायचे ६ हजार २२४. व्याजावर आयकरात सवलत असते, असंही तुम्ही सांगितलं होतंत. खरं आहे. फक्त त्यासाठी आयकर लागू होईल एवढा पगार लागतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याची पट्टी २ रुपये ४९ पैशांची आली होती. चेक दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. राज्यभर बोंब झाली. झाली, कारण त्याच्या हातात पट्टी होती.

तुम्ही मला शिकवलं नाहीत असं मी म्हणणार नाही. ७४ वी घटनादुरुस्ती तोंडपाठ होती: महापालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. त्याच वेळी आमच्या नवी मुंबई महापालिकेत २०२० पासून एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. निवडणूक २०१५ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. लोकशाही एवढी उशिरा आली म्हणूनच मला नोकरी लागली म्हणा ना! १११ जागांचा प्रचार, आणि एका एजन्सीत मतदारयाद्या एक्सेलमध्ये भरायचं काम. निकाल लागला, गुलाल उधळला, कंत्राट संपलं. सध्या संध्याकाळी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेते. नागरिकशास्त्र मुलांना आवडतं.

त्या एजन्सीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्याच सेक्टरमधली मैत्रीण बसायची. तीही राज्यशास्त्राचीच, पण अनुदानित कॉलेजातली. वर्षाची फी काही हजार, ती तिच्या आईनं भिशीतून भरली. ॲरिस्टॉटल तोच, घटना तीच, पगारही तोच १९ हजार. फरक एवढाच की महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज फक्त माझ्या फोनवर वाजायचा. तेव्हा विषयाला बोल लावायचं कारण नाही. मुंबई विद्यापीठात १९४८ पासून राजकारण शिकवलं जातं आणि ते शिकून कुणी बुडालं नाही. कांदा चांगलाच होता साहेब, मोटारभाडं जास्त लागलं.

पैसे परत मागत नाही. एवढंच करा: येत्या जूनमध्ये तुमच्या दाराशी जो कुणी चपला काढेल, त्याच्या हातात बाणाऐवजी एक चिटोरा द्या. मागच्या तुकडीत किती जण होते, किती जणांना काम लागलं, पगार किती, हप्ता किती. चार रकाने, खाली तुमची सही.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत तशी शुभेच्छा देण्याची गरज दिसत नाही.

वरचा हिशेब मी बाबांना वाचून दाखवला. ते रागावले नाहीत. मार्केटात वजनावरून वाद झाला की पहिला प्रश्न जो विचारतात, तोच त्यांनी विचारला. उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवते:

‘तोल कुणासमोर झाला होता?’

आपली,
११२ हप्ते बाकी असलेली माजी विद्यार्थिनी
घणसोली, नवी मुंबई