अर्जदाराच्या कडेवरचे अपत्य

वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या पसंतीक्रम-नमुन्याचे अज्ञात कर्ते यांस,



तहसील कचेरीत चौतीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या माणसाला नमुना दिसला की तो भरावासा वाटतो, आणि भरून झाला की त्यातली उणीव वरिष्ठांच्या नजरेस आणावीशी वाटते. हा व्यसनाचाच एक प्रकार असून त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. आमच्या सूनबाई एम.बी.बी.एस. आहेत. एक वर्षाची बंधपत्रित सेवा त्यांनी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरी केली, त्यानंतर मूल मांडीवर घेऊन प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला, आणि परीक्षेत त्यांना असा क्रमांक मिळाला की स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या शाखेची जागा मुंबईपासून मिरजेपर्यंत बहुधा कोठेही मिळावी. संगणकापुढे बसण्यास घरात सवड असलेला इसम मी एकटाच, सबब आपला नमुना भरण्याची कामगिरी माझ्याकडे आली.

नमुना पाहून आपल्याविषयी प्रथम आदरच वाटला. अर्जदाराची जात, तिची वैधता, अधिवास, उत्पन्न यांतले काहीही आपल्या चौकशीतून सुटलेले नाही, आणि प्रत्येक गोष्टीला दाखला, दाखल्याला नक्कल, नकलेला मूळ प्रत ही जी साखळी आपण बांधली आहे ती पाहून आमच्या वेळचे मामलेदारसुद्धा माना डोलावते. विवाहाचीही आपण दखल घेतली आहे. मात्र ती ‘नावातील तफावत’ या सदराखाली. दहावीच्या गुणपत्रिकेवरची मुलगी आणि आजची अर्जदार या दोघी एकच आहेत हे राजपत्राच्या किंवा विवाहनोंदणीच्या दाखल्याने सिद्ध झाले की त्या विवाहाचे आपल्या दप्तरापुरते प्रयोजन संपते. विवाहापासून पुढे काही निष्पन्न होऊ शकते, ते बावीस महिन्यांचे असू शकते, रात्री दोनदा उठून आईला हाक मारू शकते, आणि आजोबांनी दिलेले दूध त्याच निष्ठेने परत आजोबांच्या सदऱ्यावर काढू शकते, या शक्यतेसाठी नमुन्यात एकही रकाना मला आढळला नाही. आश्रमव्यवस्था लयास गेली असे विद्वान म्हणतात. ती आपल्या कचेरीत सुखरूप आहे. विद्यार्थी म्हणजे ब्रह्मचारी, आणि ब्रह्मचाऱ्याने समिधा घेऊन गुरू नेमून देईल त्या गुरुकुलात रुजू व्हावे, एवढीच आपली कल्पना. फरक इतकाच की समिधांच्या जागी आता मूळ कागदपत्रे आणि दोन संच छायाप्रती लागतात.

सूनबाईंना जे पद मिळायचे आहे त्याचे नाव ‘निवासी डॉक्टर’. भाषेची ही थट्टा कोणी केली ते कळत नाही, कारण निवास करायला जिला सवड नाही आणि कुटुंबासह निवासाला जिला जागा नाही तिलाच निवासी म्हणण्याचा शिरस्ता पडलेला आहे. 1992 सालच्या केंद्राच्या निवासी-योजनेत सलग बारा तासांहून अधिक आणि आठवड्यास 48 तासांहून अधिक काम नसावे असे नमूद आहे, ही गोष्ट मी सूनबाईंना मोठ्या उत्साहाने वाचून दाखविली, तेव्हा त्या इतक्या हसल्या की नात जागी झाली. 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीने आकड्यांच्या भानगडीत न पडता कामाचे तास ‘वाजवी’ असावेत असे म्हटले. वर्षाला वीस दिवसांची किरकोळ रजा दिली, आणि आठवड्याची एक सुट्टीही दिली, परंतु कामाची निकड नसेल तर. प्रसूतिगृहात कामाची निकड नसलेला दिवस कोणत्या पंचांगात असतो, हे त्या नियमावलीच्या परिशिष्टात सापडेल म्हणून मी पुष्कळ शोधले. त्याच नियमावलीप्रमाणे तीन महिने जिल्हा रुग्णालयातही जावयाचे आहे, म्हणजे जो संसार एका गावी कसाबसा मांडावा तो मध्यावर उचलून दुसरीकडे न्यावा, अथवा आईने जावे आणि संसाराने वाट पाहावी.

यातली खरी मेख एका शब्दात आहे, आणि जन्मभर शब्दांवरच पोट भरलेल्या कारकुनाला ती दिसल्याशिवाय राहत नाही. निवासी डॉक्टरला जे मिळते ते वेतन नव्हे, विद्यावेतन. रात्रपाळीचा तक्ता लागतो तेव्हा ती कर्मचारी. हक्क मागायला गेली की ती विद्यार्थिनी. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर असावे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे ठरले; परंतु विद्यार्थिनीला पाळणाघर कशाला हवे? आमचे चिरंजीव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांच्या बदलीसाठी पती-पत्नी एकत्रीकरणाचे धोरणही आहे. परंतु त्यासाठी पत्नी नोकरीत असावी लागते, आणि विद्यार्थिनीच्या पतीला एकत्र कशासाठी व्हायचे असते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतकी तर्कशुद्ध आहेत की ती सुचणाऱ्या माणसास मी एकदा भेटू इच्छितो.

तरीही रीतसर चौकशी केल्याखेरीज अर्ज भरणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून काही महाविद्यालयांना मी दूरध्वनी केले. त्यांची नावे येथे देत नाही; माणसे सभ्य होती आणि दोष त्यांचा नव्हता. एका कार्यालयात ‘आपल्याकडे पाळणाघर आहे काय’ असे विचारताच पलीकडून अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले, ‘बालरोग विभागाला जोडून देतो.’ दुसऱ्या ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी खुलासा केला की खोलीत निवासी डॉक्टरखेरीज अन्य कोणी रात्री राहू शकत नाही. दिवसा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने अभ्यागत-नोंदवहीत नाव, येण्याचे कारण, येण्याची व जाण्याची वेळ, वाहन क्रमांक लिहून सही करावयाची असते. आमच्या नातीचे वाहन तीनचाकी आहे, त्यास क्रमांक नाही. आणि येण्याचे कारण या रकान्यात तिच्या वतीने काय लिहावे याचा मसुदा मी अद्याप करीत आहे. बाकी पदव्युत्तर विद्यार्थ्यास निवासाची सोय महाविद्यालयाने दिलीच पाहिजे, पण तीत राहण्याची सक्ती नाही, असे नियमावली सांगते, हे मी मान्य करतो. बाहेर राहण्याची मुभा आहे, भाडे आमचे आम्ही भरावे.

आपल्याकडे मोजमापाची हयगय आहे असे मात्र कोणी म्हणू नये. वैद्यकीय महाविद्यालयात 100 विद्यार्थ्यांमागे 420 खाटा असल्या पाहिजेत असे 2023 चे मानक आहे. या विशिष्ट आकड्यावर शेरा मारण्याचा मोह मी महसूल खात्याच्या संस्कारांमुळे आवरतो. या 420 खाटा कोणत्या विभागात किती, हेही ठरलेले आहे. त्या मोजणाऱ्या पथकाने जाता जाता एक पाळणा मोजला असता, तर शासनाच्या तिजोरीस फारशी तोशीस पडली नसती.

आता कल्याणच्या आनंदीबाई जोशींचे पाहा. त्यांचे तैलचित्र आपल्या सभागृहांतून लावता, त्यांच्या जयंतीस भाषणे करता. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला, आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातले, म्हणजे आमच्याच कारकुनी बिरादरीतले गृहस्थ. स्वभावाने एककल्ली, परंतु अर्जविनंत्यांत निष्णात. 1883 मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या त्या पसंतीक्रम भरून नव्हे, तर आपली हकीकत आणि हेतू सांगणारे पत्र लिहून. ते वाचून अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांच्या संस्थेने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. 1886 मध्ये त्या एम.डी. झाल्या, प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जिला कोणी हकीकत लिहू शकेल अशी संस्था मी आपल्या यादीत शोधली. आपल्या यादीत महाविद्यालयांना संकेतांक आहेत, आणि संकेतांकाला पत्र लिहिण्याची पद्धत नाही.

तेव्हा मला ठाऊक असलेली एकच पद्धत मी वापरली. पीक पाहून गावाची आणेवारी ठरवितात तशी मी महाविद्यालयांची आणेवारी केली, आणि पन्नास पैशांच्या आत आले ते टंचाईग्रस्त समजले. मुंबईचे ग्रँट 1845 चे, अव्वल इंग्रजीतले. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास 1926 चे, ज्याच्या देणगीदारांनी अध्यापक हिंदीच असावेत अशी अट घातली होती. प्रसूतींची संख्या, नामांकित गुरू, अवघड रुग्ण, या बाबींत या दोघांना मी रुपयात सोळा आणे देतो. परंतु आमच्या साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर, आणि परळात अथवा भायखळ्यात आम्हा चौघांना एक खोली घ्यायची तर विद्यावेतन आणि माझे निवृत्तिवेतन यांची बेरीज करूनही मालकाकडे अर्ज तहकूब राहतो. पुण्याचे ससून 1867 पासून उभे आहे, त्याला जोडलेले बी.जे. 1946 चे, अंतर 110 किलोमीटर. तेथे माझ्या मेहुण्याचे घर आहे, पण ते चौथ्या मजल्यावर असून उद्वाहन नाही, आणि आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे हा या संपूर्ण प्रवेशप्रक्रियेतला सर्वांत निर्णायक दस्तऐवज आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालयाकडे माझे स्वतःचे मन ओढ घेत होते, कारण मुकुंदराजांच्या समाधीच्या गावी उरलेले दिवस काढावेत असे मला फार दिवस वाटते. परंतु त्या गावाला रेल्वे नाही, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर निघालेला बाप तेथे पोहोचेपर्यंत परतीची वेळ होईल.

राहिले मिरज. 1962 चे शासकीय महाविद्यालय, साताऱ्यापासून सरळ रुळावर. गाव पूर्वापार वैद्यांचे, डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तेथे रुग्णालय उभारले तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतले दुखणेकरी त्या स्थानकावर उतरत आले आहेत. खोल्या तळमजल्यावर मिळतात असे ऐकतो. आणेवारी चौदा आणे.

उरलेले दोन आणे कोठे गेले ते मला ठाऊक आहे, आणि सूनबाईंनाही ठाऊक आहे. पसंतीक्रम कायम करण्याच्या रात्री त्यांनी यादी वाचली, मुंबईच्या दोन ओळी एकदा वर नेल्या, पुन्हा खाली आणल्या, आणि ‘आबा, करा पक्के’ एवढेच म्हणाल्या. त्यांच्याबरोबर वर्गात असलेला एक मुलगा, क्रमांकाने त्यांच्या मागे, मुंबईला जातो आहे. त्यालाही एक वर्षाचा मुलगा आहे असे कळले, परंतु त्याच्या अर्जात त्या मुलामुळे एकही ओळ वरखाली झाली नाही. त्याचे अपत्य त्याच्या कडेवर नसून त्याच्या पत्नीच्या कडेवर आहे, आणि ती अर्जदार नाही.

माझी विनंती अल्प आहे. नमुना बदलू नये. नवा नमुना म्हणजे नवी परिपत्रके, आणि त्या यातना मी जाणतो. महाविद्यालयाच्या नावापुढे फक्त एक अरुंद रकाना वाढवावा, त्यास ‘पाळणाघर: आहे/नाही’ असे शीर्षक द्यावे, आणि तो महाविद्यालयांकडून भरून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी ‘नाही’ असेच येईल. चालेल. दप्तरात ‘नाही’ लागले की कधी ना कधी कोणीतरी वरिष्ठ त्यावर ‘का नाही?’ असा शेरा मारतो, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

आपला,
अर्जदाराचा सासरा व अपत्याचा तात्पुरता प्रभारी

ता. क. – हे पत्र टपालात टाकण्यापूर्वीच निवडीची यादी लागली. मिरज मिळाले. उद्या दुपारच्या कोयना एक्स्प्रेसने मी खोली पाहण्यास निघत आहे. रुग्णालयाच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांच्या आत, तळमजल्यावर, पाण्याची सोय असलेली दोन खणांची जागा वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. भाडेकरू चार, पैकी एक रात्री रडते.